बंद डम्पिंगवरचा गॅस : मे ते ऑक्टोबर २०२४च्या नोंदी

६ मे, सोमवार

आजपासून नवं रजिस्टर. जुन्यात नुसते आकडेच आहेत, कुठला व्हॉल्व कुणी आणि किती फिरवला याचा पत्ता नाही. इथून पुढे प्रत्येक विहिरीपुढे तीन गोष्टी लिहायच्या: हात लावण्याआधीचं वाचन, केलेली हालचाल, त्यानंतरचं वाचन.

नवीन येणाऱ्यांसाठी एकदाच लिहून ठेवते. खाडीकाठचा हा डोंगर पालिकेने बंद करून त्यावर चिकणमाती, प्लास्टिक अस्तर आणि माती घातली. पश्चिमेच्या उतारावर मात्र अस्तर नाही, नुसती माती आहे. कचरा कुजून होणारा गॅस (मुख्यतः मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड) काढायच्या ३४ विहिरी. विहीर म्हणजे कचऱ्यात उतरवलेला भोकांचा एचडीपीई (जाड प्लास्टिकचा) पाइप, भोवती खडी आणि वरच्या टोकाला बेंटोनाइटची (पाण्याने फुगणाऱ्या मातीची) बूच. पूर्व आणि पश्चिम असे दोन हेडर (विहिरींचा गॅस गोळा करणारे मोठे पाइप), त्यांतलं पाणी काढणारे चार ट्रॅप, ब्लोअरआधी उरलेलं पाणी अडवणारा एक नॉकआउट पॉट, गॅस ओढणारे दोन ब्लोअर (एक राखीव) आणि शेवटी गॅस जाळणारा बंदिस्त फ्लेअर. वीज बनवायचं इंजिन कागदावर होतं, आलं नाही.

गॅसमधले घटक मोजणारा अनालायझर सकाळी सावलीत ठेवून सिलिंडरच्या गॅसवर तपासला. उन्हात तापलेल्या यंत्रावर केलेलं कॅलिब्रेशन मी धरत नाही.

वाचनाची वेळ सकाळी ९ ते ११ अशी पक्की केली. आपल्या भागात हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो-उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास चढलेला असतो, दुपारी चारला उतरलेला, फरक तीन-चार मिलिबारचा. चारला दाब उतरला की डोंगर आपणहून गॅस सोडतो आणि सगळ्या विहिरी छान दिसतात. जुन्या वहीत एक दिवस सकाळचा, एक दुपारचा, आणि त्यावरून आलेख काढलेला!

१३ मे, सोमवार

दुपारी धुळीचं वादळ. आकाश पिवळं-काळं झालं, वीज गेली, ब्लोअर बंद, सुरक्षा व्हॉल्व खटकन बसला. तो बसलाच पाहिजे. ज्योत विझलेली असताना गॅस पुढे गेला तर काय होईल हे सांगायला नको: हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असला की ठिणगी पुरते.

ब्लोअर थांबला की डोंगरातला गॅस थांबत नाही, तो मातीतून वाट काढतो. त्यात वादळाच्या वेळी हवेचा दाब झपाट्याने हलतो. इंग्लंडमध्ये डर्बीशायरच्या लॉस्को गावात २४ मार्च १९८६ रोजी असंच झालं. सात तासांत दाब २९ मिलिबारने उतरला, जुन्या भरावातला गॅस जमिनीखालून शेजारच्या बंगल्यात शिरला आणि बंगला उडाला. तिघं जखमी झाले, वाचले. म्हणून अशा दिवशी आमची पहिली धाव फ्लेअरकडे नसते, वॉचमनच्या केबिनकडे असते. केबिनची दारं-खिडक्या उघडल्या, मीटर फिरवला. शून्य. मग वर गेलो.

वीज संध्याकाळी उशिरा आली. फ्लेअर दोनदा पेटून विझला. ज्योत ओळखणाऱ्या सेन्सरच्या काचेवर धूळ बसली होती. समोर ज्योत असूनही त्याला ती दिसत नव्हती. काच पुसल्यावर चालू.

२० मे, सोमवार

आज मतदान. कार्यालय बंद, पालिकेचे अभियंते निवडणूक ड्युटीवर. फोन वाजत नाहीत, कामाला उत्तम दिवस.

पश्चिम हेडरवरच्या विहिरी वाचल्या. विहीर १७: मिथेन ३६, कार्बन डायऑक्साइड ३४, ऑक्सिजन १.१ टक्के. तापमान ५८ अंश. महिन्यापूर्वी इथेच मिथेन ४९ होता.

नव्या मुलाला वाटलं ऑक्सिजन १.१ म्हणजे चांगलंच की, मर्यादा तर ५ची. त्याला बेरीज करायला लावली. ३६, ३४ आणि १.१ मिळून ७१.१. उरलेला जवळजवळ २९ टक्के भाग नायट्रोजन. कचरा नायट्रोजन बनवत नाही, तो बाहेरच्या हवेतूनच येतो. हवेत ऑक्सिजनच्या पावणेचार पट नायट्रोजन असतो. वाचनाची नळी नुसती सैल असती तर १.१ ऑक्सिजनसोबत नायट्रोजन चारच्या आसपास हवा होता. इथे २९ आहे. म्हणजे हवा मातीतून कचऱ्यात शिरते आहे आणि तिच्यातला ऑक्सिजन वाटेतच खाल्ला जातो आहे. खाणारे जिवाणू कचरा तापवतात, म्हणून ५८ अंश. मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांना ऑक्सिजन हे विष, म्हणून मिथेन खाली आला. नुसता ऑक्सिजनचा रकाना पाहून ही विहीर कुणालाही निरोगी वाटली असती.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. महिनाअखेरच्या अहवालात ‘फ्लेअरला गेलेला गॅस’ वाढून दिसावा म्हणून वरून तोंडी सूचना आली होती. हेडरची ओढ २५ मिलिबारवरून ४० वर नेलेली. लेखी काही नाही.

१७चा व्हॉल्व पाव फेरा आवळला. १६ आणि १८ही थोडे. एकदम बंद केले नाहीत, तापलेली जागा एका झटक्यात कोंडायची नसते. ब्लोअर २८वर आणला.

२३ मे, गुरुवार

१७वर कार्बन मोनॉक्साइड तपासला. हातातल्या मीटरवर १८० पीपीएम (दहा लाख भागांत १८०). मीटरचा सेन्सर हायड्रोजनलाही फसतो आणि तापलेल्या कचऱ्यात हायड्रोजन असतोच, त्यामुळे घाबरण्याआधी पिशवीत नमुना भरून प्रयोगशाळेत पाठवला. आकडा हजारावर गेला तर आत आग आहे असं धरून चालतात. शंभराच्या खाली असेल तर नुसती उष्णता.

दिवसभर पश्चिम उतार पायी पालथा घातला. मावशी म्हशींसाठी गवत कापायला येतात, त्यांनाच विचारलं. “त्या कोपऱ्यातलं गवत वैशाखाच्या आधीच करपलंय बघ, तिकडनं मी कापतच न्हाई,” म्हणाल्या. तिथेच बोट जाईल एवढ्या भेगा निघाल्या, १७पासून वीसेक पावलांवर. अस्तर नसलेला उतार, मे महिन्याचं ऊन, त्यात चिकणमाती.

भेगा नुसत्या वरून लिंपून काही होत नाही. फूटभर खणून, भिजवून, बेंटोनाइट मिसळलेली माती थराथराने ठोकून भरायला सांगितली.

३१ मे, शुक्रवार

प्रयोगशाळेचा अहवाल: कार्बन मोनॉक्साइड ६० पीपीएम. आग नाही. १७चं तापमान ५४, मिथेन ४१.

जानेवारी २०१६मधला देवनारचा धूर सगळ्यांना आठवतो, तो उपग्रहाच्या चित्रातही दिसला होता. ती उघड्या डम्पिंगची आग, डोळ्यांना दिसणारी. झाकलेल्या डोंगरातली आग दिसत नाही. आधी जमीन खचते, पाइप मऊ पडून चेपतो. अशा आगीवर पाण्याचा टँकर हा पहिला उपाय नव्हे. पहिला उपाय तिची हवा तोडणं, आणि ती हवा तर आपलाच ब्लोअर पुरवत असतो.

महिन्याचा अहवाल गेला. प्रवाह कमी का, असा प्रश्न आलाच. उत्तरात दोनच ओळी लिहिल्या. ४० मिलिबारवर: ताशी ४०० घनमीटर, मिथेन ३८ टक्के, म्हणजे १५२ घनमीटर मिथेन. २८ मिलिबारवर: ताशी ३३० घनमीटर, मिथेन ४८ टक्के, म्हणजे १५८. जादाचे सत्तर घनमीटर ही खाडीवरची हवा होती, डोंगरात शिरून आलेली. अहवालात यापुढे एकूण प्रवाहाचा रकाना नको, मिथेनचा ठेवा, अशी विनंती केली.

५ जून, बुधवार

पावसाआधीची कामं. पूर्व हेडरची लेव्हल घेतली. कचरा बसतो, सगळीकडे सारखा बसत नाही. दोन आधारांच्या मध्ये हेडर हातभर खाली लोंबतोय. पाइपला ट्रॅपकडे उतार हवा तिथे झोळ, आणि झोळात पाणी. फिटर काकांनी पाइपवर पाना वाजवला, कान लावला, “मॅडम, इथून तिथवर पाणी बसलंय,” म्हणत खडूने दोन खुणा केल्या. कापल्यावर पाणी त्या खुणांच्या मधेच निघालं.

झोळाचा तुकडा काढला, नवे सिमेंट ब्लॉक बसवले, नवा पाइप जोडला. बट फ्यूजनची (पाइपची तोंडं वितळवून जोडायची) प्लेट २१० अंशांवर, दोन्ही तोंडं तासून स्वच्छ. वेल्डर चांगला आहे, फक्त ‘आभाळ आलंय, लवकर उरका’ म्हणणारे आजूबाजूला फार. जोड थंड होईपर्यंत दाब सोडायचा नाही. ओल्या फडक्याने थंड केलेला जोड त्या दिवशी धरतो आणि श्रावणात सुटतो.

१० जून, सोमवार

काल मान्सून मुंबईत दाखल झाल्याचं वेधशाळेने जाहीर केलं. भेगा भरून झाल्या आहेत, आता पाऊसच माती भिजवेल. हवेचं दुखणं तीन-चार महिने मागे पडेल आणि पाण्याचं सुरू होईल.

२७ जून, गुरुवार

फ्लेअरचं तापमान १००० अंशांवरून घसरतं, पुन्हा चढतं. हेडरच्या गेजचा काटा नाचतोय, पाइपात गुळगुळ आवाज. पश्चिमेचा ट्रॅप क्रमांक ३ तुंबला होता, निचऱ्याच्या नळीत काळपट चिखल. साफ केल्यावर काटा स्थिर.

पाणी पावसाचं आहे असं सगळे समजतात. बरंचसं गॅसमधूनच पडतं. ५० अंशांचा ओला गॅस घनमीटरमागे सुमारे ८३ ग्रॅम वाफ घेऊन निघतो. पावसाने गार झालेल्या पाइपात तो ३० अंशांवर आला की त्याला ३० ग्रॅमच पेलते. उरलेली ५३ ग्रॅम पाइपात गळते. ताशी ३०० घनमीटर धरले तर दिवसाला साडेतीनशे लिटरच्या वर. एवढं पाणी रोज कुठेतरी गेलंच पाहिजे. ट्रॅपमधून निघालं नाही तर ते हेडरमध्ये बसणार आणि पलीकडच्या सगळ्या विहिरींची ओढ बंद करणार. ट्रॅपची फेरी आठवड्याऐवजी एक दिवसाआड केली.

८ जुलै, सोमवार

रात्रभर कोसळला. गाड्या बंद, साइटवर पोचता आलं नाही. रात्रपाळीचा ऑपरेटर बदली न आल्याने तिथेच. फोनवर फ्लेअर बंद ठेवायला सांगितलं: वीज येते-जाते आहे, नॉकआउट पॉटची पातळी वर आहे, अशात ब्लोअरमध्ये पाणी गेलं तर महिनाभराचं काम. केबिनमधला मीटर तासातासाला वाचून कळवत राहिला. दुपारी त्याला वॉचमनने खिचडी करून घातली.

१६ जुलै, मंगळवार

पाऊस उघडला म्हणून विहिरींची पाण्याची पातळी मोजली. विहीर ९ अठरा मीटर खोल, कचऱ्यातून झिरपलेलं पाणी (लिचेट म्हणा) तोंडापासून चार मीटरवर. भोकं पाचव्या मीटरपासून सुरू होतात. म्हणजे विहीर पूर्ण बुडालेली. वर व्हॉल्ववर ओढ दिसते, गॅस शून्य. अशी विहीर वाचताना मिथेन ५५ही दाखवते, कारण पाइपात अडकलेला गॅस शुद्धच असतो. प्रवाह न मोजता नुसती टक्केवारी लिहिणाऱ्याला ही सगळ्यात चांगली विहीर वाटेल.

बुडालेल्या किंवा अर्ध्या बुडालेल्या ११ विहिरी, हवेवर चालणारे पंप दोन. कुठे लावायचे यावर काका आणि मी वाद घातला. त्यांचं म्हणणं सगळ्यात खोल विहिरीत, तिथे गॅस जास्त. माझं म्हणणं वस्तीच्या बाजूला, कुंपणाजवळच्या ३१ आणि ३३मध्ये. तिथला गॅस आपण घेतला नाही तर तो कुंपणापलीकडे जाईल. शेवटी एक ३१मध्ये, एक ९मध्ये. ३३ला पंप नाही याची लेखी नोंद वर पाठवली आहे.

विहिरीतलं पाणी उपसताना गॅसचा व्हॉल्व आवळलेला ठेवायचा. पाणी उतरलं की ओढ अचानक भोकांपर्यंत पोचते.

७ ऑगस्ट, बुधवार

पृष्ठभागाची पाहणी. हातात मिथेन मीटर, नळी जमिनीलगत, उतारावर आडव्या-उभ्या रांगा. अमेरिकेत यासाठी पृष्ठभागावर ५०० पीपीएमची मर्यादा आहे, त्यापुढे गेलं की दुरुस्ती करून पुन्हा मोजायचं. आपल्या घनकचरा नियम २०१६मध्ये मिथेन स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या २५ टक्क्यांपुढे जाऊ नये असं म्हटलंय. ते होतात सव्वा टक्का, म्हणजे १२,५०० पीपीएम. पंचवीस पट सैल. सव्वा टक्क्याचा नियम लोकांना स्फोटापासून वाचवण्यापुरता आहे, डोंगरातून किती मिथेन निसटतो हे तो विचारत नाही. आम्ही घरच्या घरी ५०० धरलंय.

सगळ्यात मोठी गळती माती फाटून नव्हती. विहिरींच्या बुडाशी, पाइपला चिकटलेलं अस्तर जिथे सुटलंय तिथे. कचरा खाली बसतो, पाइप जागेवर राहतो, मधला पट्टा फाटतो. २२वर ३,००० पीपीएम. पट्टे बदलायचे. पावसात चिकटणार नाहीत, तोवर ओल्या बेंटोनाइटचं कडं.

३३च्या बाहेरची, जमिनीखालचा गॅस तपासायची कुंपणाजवळची नळी: मिथेन ०.४ टक्के. आतापर्यंत इथे काहीच नसायचं. तिसरा पंप भाड्याने घ्यायला त्याच संध्याकाळी मंजुरी मिळाली. जुलैतल्या पत्राला उत्तर आलं नव्हतं, या एका आकड्याला आलं.

१८ सप्टेंबर, बुधवार

काल अनंत चतुर्दशी, आज निम्मी माणसं झोपेत. हलकी कामं.

पश्चिमेच्या ट्रॅपचे नट-बोल्ट काळे पडून गळायला लागलेत. हायड्रोजन सल्फाइड. पश्चिमेला तो नेहमीच जास्त, पूर्वेला जेमतेम. नवा मुलगा विचारत होता, कचरा तोच तर मग फरक का? जुन्या लोकांच्या सांगण्यावरून पश्चिमेचा उतार राडारोडा टाकून केलेला, त्यात पीओपीची छतं. पीओपी म्हणजे जिप्सम, त्यात सल्फेट. हवेविना ओल्या कचऱ्यात जिवाणू त्याचं हायड्रोजन सल्फाइड करतात. गणपतीच्या दिवसांत पीओपीवरून मूर्तिकार आणि कार्यकर्ते भांडत असतात, घराच्या फॉल्स सीलिंगबद्दल कुणी बोलत नाही.

ट्रॅप उघडताना खिशातला मीटर १० पीपीएमला वाजतो. वाजला की बाजूला. सडक्या अंड्याच्या वासावर विसंबायचं नाही. प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास गेल्यासारखा वाटतो. स्टेनलेसचे बोल्ट मागवले.

७ ऑक्टोबर, सोमवार

पाणी उतरतंय. ९ पुन्हा गॅस देते आहे. मिथेनची एकूण बेरीज मात्र मागच्या ऑक्टोबरपेक्षा कमी, आणि वरून विचारणा: देखभालीत त्रुटी आहे का?

आज उत्तर सविस्तर लिहिलं. बंद डम्पिंगचा गॅस दरवर्षी घटतोच, नवीन कचरा नाही. किती वेगाने घटणार हे कचऱ्यावर आणि हवामानावर ठरतं. मूळ प्रकल्प अहवालातला कुजण्याचा दर वर्षाला ०.०४ आहे. हा अमेरिकेत सरधोपट वापरला जाणारा आकडा, त्यात गॅस निम्मा व्हायला १७ वर्षं लागतात. दमट उष्ण प्रदेशातल्या मिश्र कचऱ्यासाठी आयपीसीसीच्या (हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या) २००६च्या मार्गदर्शिकेत ०.१७ दिलाय, म्हणजे चार वर्षं. नुसत्या अन्नाच्या कचऱ्याला ०.४, दोन वर्षांच्या आतच निम्मा. आपला कचरा भाजीचे देठ, शिळी पोळी, नारळाची करवंटी. तो अमेरिकेच्या कागद-लाकडासारखा सावकाश कुजत बसत नाही. आमच्या साइटवर बराचसा गॅस यंत्रणा बसायच्या आधीच निघून गेला, डम्पिंग उघडं असताना. अहवालातला फुगीर आकडा गाठण्यासाठी ब्लोअर वाढवला की काय होतं ते मे महिन्याच्या पानांवर आहे, त्यांच्या छायाप्रती जोडल्या.

खरी अडचण फ्लेअरची. तो त्या जुन्या आकड्यांवर घेतलेला, आमच्या गॅसला मोठा. प्रवाह त्याच्या किमान मर्यादेजवळ आला की ज्योत बर्नरवर बसते, तापमान १०००ला टिकत नाही आणि मिथेन अर्धवट जळतो. लहान बर्नर हवा, नाहीतर लवकरच दिवसातले काही तास बंद-चालू करावं लागेल. नियमांप्रमाणे बंद केलेल्या जागेची किमान १५ वर्षं देखभाल करायची आहे. ती वर्षं संपेपर्यंत गॅस आणखी पातळ होणार, हे धरूनच यंत्र घ्यायला हवं.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

विहीर १७: मिथेन ४७, ऑक्सिजन ०.२, कार्बन डायऑक्साइड वगळून उरलेला नायट्रोजन ११, तापमान ४९. व्हॉल्व अष्टमांश फेरा उघडला. पुढचं वाचन आठवड्याने, तोवर कुणी हात लावायचा नाही, टाय बांधलाय.

ऑक्टोबर हीटने उतार पुन्हा वाळायला लागलाय. करपलेल्या कोपऱ्यात मावशींनी दाखवलेल्या नव्या दोन भेगा खुणावल्या, सोमवारी मजूर येतील. पूर्व हेडरचा जूनमधला जोड तपासला, उतार टिकलाय, लेव्हल वहीत. २२, २५ आणि २८चे पट्टे बदलले, २२वर आता १२० पीपीएम. भाड्याचा पंप नोव्हेंबरअखेर परत जाणार, त्याआधी ३३ पूर्ण उपसायची.

लहान बर्नरसाठी तीन दरपत्रकं मागवायला मंजुरी आली. एक आलंय, त्यात आमच्या मिथेनची टक्केवारी ६० धरलीय. दुरुस्त करून परत पाठवलं.